विरजणापुरतं दही

३० ऑगस्ट १९८६, शनि., ईडन प्रेरी, अमेरिका
आयनो आली. फिनलंडची, वय अठरा. वर्षभर आमच्याकडे राहून लेकीच्या, रेवतीच्या हायस्कूलला जाणार. एक बॅग कपड्यांची, एक नुसती फुटबॉलच्या बुटांची. तिकडे बायकांच्या क्लबात फॉरवर्ड खेळते, पंधराव्या वर्षापासून. वरणभात तीनदा घेतला. पोर उपाशी राहील ही काळजी मिटली.

१० सप्टें., बुध.
परवाही दही लागलं नाही. आ. बघत होती. काल चर्चमधल्या एका फिनिश आजींकडून बरणीत चमचाभर विरजण घेऊन आली. दूध घालून ओट्यावर तसंच ठेवलं, ऊब नाही, काही नाही. आज सकाळी घट्ट! फक्त चमच्याला तार येते. हे म्हणाले, "दही आहे की डिंक?" दोन वाट्या खाल्ल्या मात्र.

१६ सप्टें., मंगळ.
चौथी मॅच, आ.चा एकही गोल नाही. गाडीत मग बोलली. इथल्या कॉलेजच्या टीमने घेतलं तर चार वर्षं नुसता खेळ आणि अभ्यास. नाहीतर गावी, वडिलांची बेकरी. "फुटबॉल आठवड्यातून दोनदा, पाव रोज." घरी येऊन थालीपीठ लावलं.

२० सप्टें., शनि.
मॅचला निघताना तिच्या हातावर दही घातलं. रे.: "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग!" आ.ने हात चाटून विचारलं, कशासाठी? म्हटलं, काम फत्ते होतं. आणि निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं.
दोन गोल. दह्याचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण आता ऐकतंय कोण?

४ ऑक्टो., शनि.
आज बसपाशी अख्ख्या टीमने हात पुढे केले. गोलकीपरला नाही दिलं. तिचे हात बुळबुळीत नकोत.

१२ ऑक्टो., रवि.
मराठी मंडळाचं पॉटलक. कढी माझ्याकडे. दुकानातलं ताक पुरेना म्हणून बरणीही पुसून घातली. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, विरजणापुरतंही ठेवलं नाही! आई जन्मभर हेच बजावत आली. त्या फिनिश आजी मुलीकडे गावाला गेल्यात. आणि परवाच्या मॅचला कॉलेजच्या कोचबाई येणार, खास आ.ला बघायला.

१४ ऑक्टो., मंगळ.
शेवटी रे.ने दुकानातून स्ट्रॉबेरीचं आणलं, साधं संपलेलं. गुलाबी दही हातावर घालताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आ. हसत सुटली. "इट्स ओके, मावशी. येते!"
पहिल्या हाफमध्ये दोन सोपे बॉल बाहेर मारले. मी मनातल्या मनात कढीला शिव्या देत होते. शेवटी शेवटी दोघींना चकवून डाव्या पायाने असा काही मारला की... गोल! मी मराठीत ओरडले, तेही यांच्या खांद्यावर बुक्क्या मारत. कोचबाई वहीत लिहीत होत्या. मान लांब करूनही दिसलं नाही.

२५ ऑक्टो., शनि.
आजी परतल्या. नवं विरजण मिळालं. आ. मला दटावते, "मावशी, ऑल्वेज सेव्ह अ स्पून!" उलटा न्याय.

६ एप्रिल १९८७, सोम.
कॉलेजने घेतलं! शिरा केला. आ. नि रे. स्वयंपाकघरात नाचल्या.

१८ मे, सोम.
फिनलंडहून पत्र. देशाच्या संघाच्या सराव शिबिराला बोलावलंय, जूनमध्ये. निवड झाली तर बहुधा तिकडेच राहायचं. दोन्ही पत्रं फ्रिजवर शेजारी शेजारी लावलीत. "मावशी, व्हॉट शुड आय डू?" म्हटलं, खेळ मोठा असेल तिथे जा. तोंडदेखलं म्हटलं. मला ती इथेच हवी आहे.

१३ जून, शनि.
एअरपोर्ट. कॉलेजला ऑगस्टपर्यंत कळवायचंय, अजून ठरत नाही म्हणाली. गाडीत बसण्याआधी स्वतःच बरणी काढून हात पुढे केला होता. आत शिरताना वळून "येते" म्हणाली, स्वच्छ. रे. रडली. यांना अचानक पार्किंगचं तिकीट सापडेना.
घरी येऊन बरणी घासायला घेतली. तळाशी बरोबर चमचाभर ठेवलेलं.
दूध घालून ओट्यावर ठेवलंय. आम्ही तिघंच, पण चौघांचं घातलं.