सोमवारचा परवलीचा शब्द

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा सोळाव्या मजल्यावरून नमस्कार. (इतक्या उंचीवर मी वाकणं टाळतो, तेव्हा उभ्यानं घातलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? अंगणातल्या लिंबाला यंदा तरी लिंबं धरली का? आम्ही सगळे सुखरूप आहोत. म्हणजे हे वाक्य सुरू केलं तेव्हा होतो. मध्ये उठून पोरं मोजून आलो, दोन भरली.

तुमच्या शेजारचं घर रिकामं होतंय, येता का, असं तू विचारून तीन आठवडे झाले. आज उत्तर देतो. येतो. ते घर आमच्यासाठी धरून ठेव. इकडं फ्लॅट घेतला तेव्हा तू म्हणाली होतीस, पोरांना पाय टेकायला जमीन नको का रे? आणि मी तुला मागासलेली म्हणालो होतो. तो शब्द मी सपशेल मागे घेतो. का, ते पुढे वाच. फक्त भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, ते हसतील आणि पुन्हा खोकला सुरू होईल.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. विम्याच्या कंपनीत दिवसभर अपघाताचे अर्ज वाचायचे. ‘मूल खुर्चीवर चढले’ एवढं वाचलं की पुढच्या ओळीवर जायच्या आधीच मी घरी फोन लावतो. असा माणूस सोळाव्या मजल्यावर सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन राहतो! खिडक्यांना जाळ्या बसवणारा ‘उद्या नक्की’ म्हणून गेला त्याला दोन महिने झाले. तोवर मी खिडक्यांच्या कड्या दोरीनं करकचून बांधल्यात. (दोरी कपडे वाळत घालायची होती, त्यामुळे हिनं दोन दिवस अबोला धरला.) लिफ्टमध्ये दोघांचे हात असे धरतो की थोरली म्हणते, बाबा, उतरताना माझी बोटं परत द्या. शिवाय खाली पंधराव्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. पोरं धावली की त्या चिठ्ठी पाठवतात: ‘आपल्याकडे घोडे आहेत का?’ मी त्यांना इतका टरकून असतो की त्या दिसल्या तर जिन्यानं जातो. हो, सोळा मजले.

तर खबरदारी म्हणून मी परवलीचा शब्द काढला. घरातलं मोठं माणूस बाहेर पडलं की थोरलीनं आतून कडी घालायची आणि शब्द ऐकल्याशिवाय काढायची नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. बाहेरचा माणूस गयावया करायला लागला, रडला, तरी नाही. आणि फुटू नये म्हणून शब्द दर सोमवारी बदलायचा. (तेव्हा मला मी फार हुशार वाटलो होतो.)

गेल्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, ही कामावर आणि मी रजेवर. दूध गॅसवर ठेवलं, कचऱ्याची पिशवी उचलली आणि लिफ्टजवळच्या डब्यात टाकायला गेलो. जेमतेम दहा पावलं. मागे कडी वाजली. मनात म्हटलं, शाबास! परत येऊन किल्ली फिरवली, पण आतली कडी ती कडीच. आतून थोरली म्हणाली, शब्द? आणि ताई, माझं डोकं स्वच्छ कोरं! सोमवारी सकाळी समोर जे दिसलं ते सांगून टाकलं होतं, एवढंच आठवत होतं. म्हणून मी घरातल्या आठवतील त्या वस्तू म्हणत सुटलो. बादली. झाडू. छत्री. इस्त्री. चमचा. आतून दर वेळी शांतपणे, नाही.

गॅस बंद कर गं, असं ओरडलो. उत्तर नाही. (अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हाही माझाच नियम.) फोन आत. समोरचा दाढीवाला आपला फोन घेऊन धावत आला (दोन वर्षांत त्याला पहिल्यांदाच अख्खा पाहिला, एरवी दाराच्या फटीतून अर्धा दिसतो), पण हिचा नंबर मला पाठ कुठे? (तुला भाऊजींचा पाठ आहे? खरं सांग.) दाढीवाला बिचारा मदतीला म्हणून दाराशी ‘कुकर! उशी!’ म्हणून ओरडत होता. आणि तेवढ्यात आत खुर्ची सरकली. फरशीवरून, सावकाश, ओढत. ताई, तो आवाज मी हजार अर्जांत वाचलाय, ऐकला पहिल्यांदाच. खिडकी, दोरी, धाकटा. मी दाराला डोकं टेकून हमसाहमशी रडलो. आतून आता ‘नाही’सुद्धा येत नव्हतं.

आणि जिन्यावरून मुख्याध्यापिका वर आल्या. मी म्हटलं, आता चिठ्ठी हातातच देणार. तर म्हणाल्या, सुट्टीला या वेळी घोडे धावतात, आज नुसती खुर्ची ओढल्याचा आवाज आला, जिवाला चैन पडेना म्हणून आले. मला बाजूला सारलं, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाल्या, पायपुसणं. कडी निघाली. (मी इतका वेळ त्यावरच उभा होतो.)

आत गॅस बंद होता. खुर्ची थोरलीनं त्यासाठीच ओढली होती. धाकट्याला तिनं माझ्या पट्ट्यानं टेबलाच्या पायाला बांधलं होतं, खिडकीकडे जाऊ नये म्हणून, आणि तो मजेत बिस्किट खात होता. बाईंना शब्द दर सोमवारी थोरलीच गॅलरीच्या गजांतून खाली सांगते. म्हणते, बाबा विसरतात, कोणाला तरी माहीत असायला हवा.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं, बेटा, माझा आवाज ओळखला नाहीस? म्हणाली, पहिल्यापासून ओळखला. तुम्ही रडलात तेव्हा मीही दाराला टेकून रडत होते. पण रडलं तरी उघडायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?

ताई, तेव्हापासून मला खिडकीची नाही, माझीच भीती वाटते. म्हणून म्हणतो, घर धरून ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र थोरलीनं वाचलं. विचारते, आत्याच्या शेजारच्या घराला दारं किती? मी म्हटलं, पुढचं, मागचं आणि फाटक. म्हणाली, मग तीन शब्द लागतील. मला इथं एक लक्षात राहत नाही. शिवाय खाली मुख्याध्यापिका नसणार. घर तूर्त दुसऱ्या कोणाला दे.

ता. क. २ जाळीवाला उद्या नक्की येणार आहे.

ता. क. ३ खरं काम राहिलंच. जुना शब्द सगळ्या मजल्याला कळला, म्हणून थोरलीनं नवा ठरवलाय आणि तो मला सांगायला ती तयार नाही. बाईंना सांगितलाय, पण त्या महिनाभर लेकीकडे चालल्यात. थोरली म्हणते, आता फक्त आत्याला सांगेन. ती फोनवर कुजबुजेल, तो पाठ कर. आणि तिला एवढं सांग, की बाबा रडला तर शब्दाविना उघडायचं. माझं ती ऐकत नाही. नियम बदलायलाही शब्द लागतो म्हणते.