सिद्धेशची बायको

३ जानेवारी
कांदिवलीच्या या घरात कालपासून मी सून! सातवा मजला, समोर हिरवागार डोंगर, वारा झकास. सासूबाईंनी तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, केली होती, मी लाज सोडून तीनदा वाढून घेतली.

सिद्धेशची पहिली बायको श्रुतिका चार वर्षांपूर्वी तापाने गेली. हॉलमध्ये तिचा हार घातलेला फोटो आहे. असू दे बापडा. तिचा चेहरा उमटवलेला चांदीचा टाक सासूबाईंनी पुढे केला. दुसरीने तो गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली शांत राहते म्हणाल्या. मी हसून ड्रॉवरमध्ये ठेवला.

९ जानेवारी
घराण्याची वेबसाइट आता मी सांभाळायची. वंशवृक्षात तीनशे नावं. कुठल्याही नावावर राइट-क्लिक केलं की मेनू येतो: जोडा, हलवा, काढा. सगळं श्रुतिकाने बांधलेलं, आणि एकही चूक सापडत नाही, तेच खुपतं. सासूबाईंचं दिवसभर चालू असतं, श्रुतिकाची आमटी अशी, श्रुतिकाचं काम तसं. मेलेल्या बाईवर जळतेय मी. हो, जळतेय!

१४ जानेवारी
मेनूत माझी एक कृती घातली, 'झाका'. नाव वृक्षात राहतं, फक्त कोणाला दिसत नाही. ती कृती श्रुतिकाच्या एकटीच्या नावावर यावी म्हणून अट घालायची होती. पण तिचं नाव टाइप करायला बोटं धजेनात, म्हणून लिहिलं: सिद्धेशची बायको.

दाबलं. गार वाटलं.

१५ जानेवारी
भिंतीवर फोटो नाही. खिळासुद्धा नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, कोण गं श्रुतिका? सिद्धेशलाही नाव आठवेना. घाबरायला हवं होतं. मी शिरा केला.

१९ जानेवारी
वृक्षात तिचं नाव परत दिसतंय. मी हात लावलेला नाही. ड्रॉवर उघडला. टाक नाही.

२० जानेवारी
फोटो भिंतीवर आलाय. हार नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, कोणाकडे आलीस गं तू?

माझ्या नावावर, 'प्रांजल'वर, राइट-क्लिक केलं. जोडा, हलवा, काढा, झाका — मीही सिद्धेशचीच बायको — अट मीच लिहिली —

२१ जानेवारी
कृती काढायला बसले. पासवर्ड चालत नाही. शेवटचा बदल आज सकाळी — श्रुतिकाच्या नावाने. माझं नाव वृक्षात कुठेच —

सिद्धेश दारात. मॅडम, कोण पाहिजे तुम्हाला, म्हणतो —

स्वयंपाकघरात आमटीला फोडणी. सासूबाई हसताहेत कोणाशी तरी. ती बाहेर येतेय. गळ्यात टाक. त्यावरचा चेहरा मा—