तेल्हाऱ्याचा बिंदू

१६ जाने. १९६२, अकोला
आमच्या शेतकी कचेरीत आकडे ढीगभर, पण ग्राफ काढणारं कुणी नाही. म्हणून साहेबांनी शेजारच्या भूमापन कचेरीतला ड्राफ्ट्समन मागून घेतला. वामन तायडे. हंगामी माणूस. हात असा की शाईची रेघ कापल्यासारखी येते. मला जमत नाही.
त्याला शेतकी कळायची गरज नाही. आपण त्याच्या भाषेत लिहून द्यायचं : आडवं इतकं, उभं इतकं. बाकी तो काढतो.

२२ जाने.
एकरी कापसाचे जुने आकडे पौंडांत. आता सगळं किलोत हवं. डोकं उठलं. चौदा गावं केली. कागद तायडेकडे.

२४ जाने.
तायडे पेन्सिलीचा ग्राफ घेऊन आला. म्हणे, "भाऊ, बाकी गावं दीडशे-दोनशेवर हायेत. तेल्हारा एकटा चारशेवर कसा? मी बाजूच्याच हिवरखेडचा. तिथली जमीन मले ठाऊक हाय. इतका कापूस निंगत नाही."
सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "तुले रेघा मारायले आणलं. आकडे मी पाहीन."
त्यानं जाऊन शाई भरली.

२५ जाने.
तायडेनं परत दिलेला माझा कागद सकाळी पाहिला. तेल्हारा पौंडांतच राहिलाय. चूक माझी. पण ग्राफ साहेबांकडे गेलेला, आणि साहेब खूश. "तेल्हाऱ्याचं बियाणं जिल्हाभर द्यायचं," म्हणाले.
सांगायला हवं होतं. उद्या सुट्टी. परवा सांगू.

३० जाने.
सांगितलं नाही.

६ फेब्रु.
अमरावतीला सभा. ग्राफ भिंतीवर. तेल्हाऱ्याचा एक म्हातारा शेतकरी उभा राहिला : "साहेब, हा कापूस कोन्या तेल्हाऱ्याचा? आमच्या गावचा असंन तर मले बी दाखवा." सगळी सभा हसली. साहेबांचे कान लाल.
मोटारीत विचारलं, "राऊत, हे कुणी केलं?"
मी म्हटलं, "आकडा बरोबर दिला होता साहेब. तायडेनं बिंदू चुकीचा टाकला."
साहेब म्हणाले, "तरीच. या लोकांच्या हाती शाई दिली की असंच होणार." 'या लोकांच्या' म्हणजे कोण, ते मला कळलं. मी मान हलवली. तायडेच्या जातीमुळेच माझं खोटं त्यांना लगेच पटलं.

७ फेब्रु.
सकाळी आंघोळीच्या बंबात माझ्या हातचा तो आकड्यांचा कागद घातला. बायको शांता पाहत होती. "कचेरीचा कागद काहून जाळला?" म्हटलं, रद्दी.

९ फेब्रु.
तायडेला साहेबांसमोर उभं केलं. तो म्हणाला, "साहेब, यायच्या हातचा कागद पहा. त्यावर जे होतं तेच मी काढलं."
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कागद यानं परत दिलाच नाही."
तायडे माझ्याकडे वळला. शिवी देईल वाटलं. नुसतं म्हणाला, "भाऊ, मी तर आधीच इचारलं होतं तुमाले."
त्या दिवशी ऐकणाऱ्यांतले दोघं तिथंच होते. दोघांनी मान खाली घातली. संध्याकाळी तायडेला कामावरून कमी केलं.

१५ फेब्रु.
तायडेची बायको घरी आली. पांढरं लुगडं, बौद्ध झाल्यापासून त्यांच्यातल्या बायका नेसतात तसं. शांतानं दारातूनच विचारलं. ती म्हणाली, "यायले बोलवा, एकच गोष्ट इचारायची हाय." मी आतच बसलो. शांतानं सांगितलं, घरी नाहीत. ती बाई ओट्यावर तासभर बसून गेली. शांतानं माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली.

२ मार्च
कळलं, तायडे हिवरखेडला सरकी भरायच्या मजुरीला आहे. त्या हातांनी.
जागेवर नवीन माणूस. साहेबांचा भाचा.

१२ मार्च
भाच्याला पावसाचा आणि कापसाचा ग्राफ काढायला दिला. तासाभरात आणून दिला. काही विचारलं नाही. साहेबांनी लगेच सही करून पेटीत घातला.

१३ मार्च
दुपारी कागद पुन्हा लावून पाहिला. मोर्शीचा पाऊस मी कापसाच्या रकान्यात लिहिलाय. त्यानं तसाच काढला. शहाण्या माणसाला बघताक्षणी खटकलं असतं.
साहेब उद्या पहिल्या मोटारीनं नागपूरला. बंगला दहा मिनिटांवर. जोडे घातले, परत काढले. भाच्याचं नाव घेता येत नाही. माझं घेतलं, तर मागचं तेल्हाऱ्याचंही उघडं पडेल.