पाच शब्दांची किल्ली

१२ एप्रिल, शनि.
सकाळी डॉक्टरांकडे. वैशाली धुळ्याहून पहिल्या गाडीनं आली, एकट्यानं जाऊ देईना. पोरीनं रजा टाकायची आणि बापाला तपासणीला न्यायचं, मला हे अजून उलटंच वाटतं.

डॉक्टरांनी छापील तक्त्यावरचे पाच शब्द वाचले. म्हणाले लक्षात ठेवा, नंतर विचारतो. मधे घड्याळ काढायला लावलं. सिंचन खात्यात जन्मभर धरणांचे नकाशे काढले, मला घड्याळ काढा म्हणे! गोल असा सुबक आला की डॉक्टर कागद उचलून बघत बसले. मग शब्द विचारले. पेरू, शिट्टी, देऊळ. पुढं कोरं. खिडकीबाहेर बघितलं, पंख्याकडं बघितलं. काही नाही.

जिना उतरताना वै. हळूच म्हणाली, "करवत आणि जांभळा, नाना." तिला ऐकूनच पाठ झाले होते.

ठरलं असं : तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणखी घसरलं तर इथल्या दोन खोल्या बंद करून तिच्याकडे धुळ्याला. तोवर इथंच. मी हो म्हणालो. जावई भला माणूस, पण तिचे सासू-सासरे त्याच घरात. व्याह्यांच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेला मी, नको वाटतं.

१५ एप्रिल
दिवसभर ते पाच शब्द घोकतोय. चहा करताना, दाढी करताना. आता पाचही येतात. आता काय उपयोग.

पेन्शनची साइट लॉक. तीनदा चुकीचा पासवर्ड. मी सगळीकडे एकच ठेवतो, शोभाचं नाव आणि लग्नाचं साल. या साइटनं मधे बदलायला लावला होता, तो काय ठेवला ते देवाला ठाऊक.

वै.ला फोन. रागावली. "एकच किल्ली सगळ्या कुलपांना? नाना, एक फुटलं की सगळं उघडं!" पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या म्हणते. आपण फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकी सगळे ते लक्षात ठेवतं. आवडलं. सध्या आपल्याला असं कोणीतरी हवंच आहे.

२० एप्रिल, रवि.
तीन उतरवून घेतली. नावं परदेशी, तोंडात बसत नाहीत. मी म्हणतो निळं, हिरवं आणि फोनवालं (जे फोनमधे मुळातच असतं).

निविदा तपासायचो तशी तपासायची. घाईनं घेतलेली वस्तू घरात अडगळ होते. खरी खाती आत्ताच द्यायची नाहीत. आधी फक्त वाचनालयाचं आणि वीजबिलाचं.

२७ एप्रिल
फोनवालं : फुकट, सोपं. पण फोन गेला की सगळं गेल्यासारखं, आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर नेताना दमवतं म्हणे. वगळलं.
हिरवं : दिसायला देखणं. दर दोन दिवसांनी पैसे भरा, पैसे भरा. दारात उभा विक्रेता. वगळण्याच्या बेतात.
निळं : रूक्ष. अक्षरं बारीक. पण स्वतः मोठा पासवर्ड तयार करतं, जागच्या जागी भरतं, नेट नसलं तरी उघडतं. सगळी यादी हवी तेव्हा काढून घेता येते, हे महत्त्वाचं. ज्या कपाटातून सामान परत काढता येत नाही ते कपाट काय कामाचं.

ओटीपी मात्र येणारच. त्यातून सुटका नाही. बँकवाल्या पोराला विचारलं, तो म्हणाला काका, ते दुसरं कुलूप आहे, राहू द्या.

४ मे, रवि.
ऊन मरणाचं. कूलरपुढं बसून निळ्याचे नियम वाचले. एक ओळ तीनदा वाचली. मुख्य पासवर्ड विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही, तो आमच्याकडेही नसतो.

म्हणजे सगळं एका ठिकाणी ठेवायचं आणि किल्ली माझ्या डोक्यात. नेमक्या याच डोक्यात.

शोभाची आठवण झाली. तिच्या फोनमधे तिनं म्हटलेली, श्रावणातल्या कानबाईच्या सणाची गाणी होती. ती गेल्यावर फोन बंद पडला, खातं उघडेना, पासवर्ड ती घेऊन गेली. इतक्या वर्षांत मी कधी विचारला नाही, तिला सांगावासा वाटला नाही. वै. महिनाभर वेगवेगळे शब्द घालून बघत होती. तो आवाज गेला तो गेला. आजही जिवाला लागतं.

९ मे
मुख्य पासवर्ड कसा असावा : निळं म्हणतं चार-पाच शब्द घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले. नाव नको, गाव नको, साल नको.

अर्धा तास बसलो. माझ्या डोक्यातले सगळे शब्द एकमेकांचे नातेवाईक निघाले. शोभा, दोंडाईचा (तिचं माहेर), वैशाली, धरण, पाट. संबंध नसलेलं माझ्याकडे काही नाहीच.

मग डॉक्टरांचे पाच आठवले. त्यांचा एकमेकांशी काय संबंध? घोकून पाठही झालेत. तेच टाकले. निळं म्हणालं, मजबूत.

ते शब्द याच वहीत मागं लिहून बसलोय. असू दे. ही वही कोण वाचतंय.

६ जून
महिना झाला. निळंच. पेन्शन, बँक, गॅस, विमा, फोटो, सगळी खाती आत. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, मला एकही माहीत नाही. विचित्र वाटतं, पण झोप लागते.

बोटाच्या ठशानं उघडायची सोय आहे, बंद ठेवलीय. रोज सकाळी पाचही शब्द टाइप करतो, तोंडानं म्हणत. शोभा पोथी वाचायची त्या वेळेला.

मोठ्या वहिनी शेजारीच राहतात, आल्या होत्या. मोठा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, आता घरात त्या आणि त्यांचा मुलगा नितीन. मला फोनशी पुटपुटताना बघून दारातच थबकल्या. "भाऊ, कोनसंगे बोली ऱ्हायनात?" म्हटलं, कुलूप उघडतोय. त्यांनी दाराकडं बघितलं.

२२ जून, रवि.
निळ्यात वारस नेमता येतो. त्यानं मागणी केली की मला कळवतं. सात दिवसांत मी नकार दिला नाही तर त्याला सगळं उघडतं. गप्प राहिलो तर होकार.

वहिनींना सांगितलं. त्यांचं लगेच, "नितीनले लिही दे. वैशू आंडेर शे, दुसरा घरनी." लेक म्हणजे दुसऱ्या घरची, झालं. नितीन चांगला आहे, सिलिंडर चढवून देतो. मी नुसतं हं म्हटलं. दोघांपैकी एकही नाव लिहिलं नाही.

१२ जुलै, शनि.
तपासणी. लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

डॉक्टरांनी तोच तक्ता काढला. पेरू म्हणाले. शिट्टी. देऊळ. करवत. जांभळा. तेच. माझी किल्ली डॉक्टर मोठ्यानं वाचत होते.

डॉक्टर, हे मला रोज पाठ करावे लागतात, असं सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, आता घड्याळ. घड्याळ काढलं. मग शब्द विचारले. मी थांबलो. आठवायला नाही, सांगू की नको म्हणून थांबलो. बाजूला वै. पदर बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणून टाकले. पाचही. क्रमानं.

डॉक्टर म्हणाले, उत्तम, आता सहा महिन्यांनी या. वै.नं बाहेर येऊन डोळे पुसले. "नाना, मी रात्र रात्र जागी असायचे हो." रसवंतीवर दोन ग्लास रस घेतला. तिनं तिथूनच जावयाला फोन केला, माझ्यासाठी ठरवलेल्या मागच्या खोलीला रंग द्यायचा थांबवा म्हणून.

मी रस प्यायलो. हो ला हो करत राहिलो.

१३ जुलै
मी खोटं काही बोललो नाही. विचारलेले शब्द सांगितले.

हे वाक्य सकाळपासून चारदा मनात म्हटलं. पटत नाही.

१४ जुलै
बोटाचा ठसा चालू केला. ते शब्द आता तोंडात घ्यावेसे वाटत नाहीत.

२२ जुलै
दूध तापत ठेवून गच्चीवर गेलो. कशाला गेलो ते तिथं जाऊन आठवेना. कठड्याशी उभा राहिलो, मेहरूण तलावाकडून वारा बरा येत होता. खालून वहिनींची हाक, "भाऊ! बठ्ठी गल्लीमा वास येई ऱ्हायना! काय जळी ऱ्हायनं?"

पातेलं काळं ठिक्कर. गॅस त्यांनीच बंद केला. पडद्याची कड जळाली होती. हात पुसत म्हणाल्या, "वैशूले फोन करू का?" मी नको म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. त्या गेल्या. मग मी पातेलं घासत बसलो. निघालं नाही. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

पडदा दुमडून टाचणी लावलीय. चोरासारखं वागतोय मी माझ्याच घरात.

२७ जुलै, रवि.
वै.चा फोन. पुढच्या रविवारी कानबाईला येते म्हणाली. आवाज किती मोकळा झालाय तिचा. माझ्या त्या पाच शब्दांवर ती झोपते आहे. आणि इथं पडदा जळतो.

सांगायला हवं. सांगितलं की हे घर गेलं.

३ ऑगस्ट, रवि.
वहिनींकडे कानबाई बसली. सगळं भाऊबंद जमलं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात, त्याच पिठाचे रोट, तोच देवीचा प्रसाद. माझ्या नावाचेही होते. वै. पहाटेपासून राबत होती, गंगाफळ (लाल भोपळा) चिरलं, पुरण वाटलं. पंगतीत रोट फिरले ते तिला सोडून. आमच्यात दिल्या लेकीला रोट देत नाहीत. वहिनी मायेनंच म्हणाल्या, "तुले पुरणपोळी शे ना बेटा, रोट नको लेजो." ती हसली. मी आजवर किती रोट खाल्ले असतील, लेकीचं ताट कधी बघितलं नव्हतं. आज घास गिळवेना.

दुपारी तिला घरी घेऊन आलो. निळं उघडलं, वारस म्हणून तिचं नाव घातलं. तिच्या फोनवर निरोप गेला, तिनं मान्य केलं. म्हणाली, "आईच्या वेळी हे असतं तर..."

तिथंच थांबता आलं असतं. वारसाला मुख्य पासवर्ड सांगावा लागत नाही. माझे शब्द माझ्यापाशी राहिले असते, आणि घरही.

म्हटलं, किल्लीपण ऐकून ठेव.
"नको नाना, कोणालाच सांगायची नसते ती."
"ऐक. पाच शब्द आहेत. पेरू."
ती ऐकत होती.
"शिट्टी. देऊळ."

आणि अडकलो. देवाशप्पथ नाटक नव्हतं. तीन आठवडे ठशानंच उघडत होतो. खिडकीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. टाचणी लावलेला पडदा दिसला. कोरं.

वै. माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू, त्या दिवशी जिन्यावर म्हणाली होती तसंच,
"करवत. जांभळा."

पलीकडे बायकांची गाणी सुरू झाली होती. मग मीच उठलो, माळ्यावरचं पातेलं काढून तिच्यापुढं ठेवलं.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाई वाजतगाजत विसर्जनाला गेली. वै. दुपारच्या गाडीनं जाणार होती, गेली नाही. रजा वाढवली.

रागावेल वाटलं होतं. रागावली नाही, तेच जड जातंय. पातेलं घेऊन मोरीत बसली आणि राखेनं घासत राहिली. बरंचसं निघालं. बूड काळंच आहे.

संध्याकाळी म्हणाली, मुख्य पासवर्ड बदला. नवे पाच शब्द घ्या. "आणि नाना, हे डॉक्टरांना माहीत नसलेले घ्या." बोलता बोलता हसू फुटलं तिला, मग रडू. मलाही आवरलं नाही.

नवे टाकले. तीन मी सुचवले, दोन तिनं. इथं लिहीत नाही. ठसा बंद केला.

शनिवारी डॉक्टरांकडे जायचं, पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी सांगायचं, ती नुसती बरोबर येणार. धुळ्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. रात्री जावयाचा फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. ती म्हणत होती, "रंगाचं राहू दे अजून. नाना सांगतील."

५ ऑगस्ट
सकाळी वै. चहा ठेवत होती. मी फोन घेऊन बसलो. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसरा, चौथा. मग थांबलो.

तिची पाठ माझ्याकडे होती. चमचा ढवळायचा थांबला होता. ती वळली नाही, वाट बघत राहिली. मीही.