हिराबाईची साईट

अणदूर, बुधवार, दिवेलागण

आज लई हसं झालं असतं माझं, पर वैशाली हसली न्हाय. सून असावी तर अशी.

तिनं आपल्या घोंगड्या विकायला वेबसाईट केल्यापासून मी लॅपटॉप मिटूच देत नव्हते. मला वाटायचं, झाकण मिटलं की दुकानाला कुलूप. आज लाईट गेली, बॅटरी संपली, पडदा काळा पडला. मी रडकुंडीला आले. "वैशाली, गिऱ्हाईक माघारी जाईल गं!"

तिनं मोबाईल पुढं धरला. साईट चालूच! घोंगड्या जशाच्या तशा.

"आत्या, आपण खतासाठी मेंढ्या दुसऱ्याच्या रानात बसवतो, तेव्हा मेंढ्या कुणाच्या?"

"आपल्याच की."

"तशी साईट आपली, रान होस्टिंगवाल्याचं. त्याचा कॉम्प्युटर कायम चालू असतो. त्यातली जागा आपण भाड्यानं घेतलीय."

किती सोपं करून सांगितलं पोरीनं! तरी मला शंका आलीच. उद्या ते रान सोडलं, तर लोकांना आपण सापडायचं कसं?

"लोक रान विचारत न्हाईत आत्या, नाव विचारतात. नाव आपल्यासंगं येतं."

पडद्यावर सगळ्यात वर साईटचं नाव असतं, त्या इंग्रजी अक्षरांकडं मी कधी बघितलंच नव्हतं. तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. हिराबाईची घोंगडी.

लग्न झाल्यापासून मालकांच्या मागनं मी किती रानं तुडवली. मेंढ्या कुणाच्या म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. माझ्या नावानं कुणी कधी वाट विचारली होती?

आत्ता लॅपटॉप मीच मिटून ठेवला.