पाच जणांची पांढरी यादी

सोमवार, ३ मार्च
ऑफिसच्या मेलनी जीव नकोसा केलाय. सेक्शन हेडची जागा रिकामी झालीय. सतरा वर्षं वाट पाहिली, आता ती मलाच मिळणार. तेव्हा हेडसारखं वागायला आत्तापासूनच लागलेलं बरं. कॉम्प्युटरवर काळी यादी केली. यादीतल्यांचे मेल परस्पर कचऱ्यात. पहिलं नाव मेहुण्याचं.

मंगळवार, ४ मार्च
काळ्या यादीत एकशे बारा जण. तरी मेल येतातच.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.
युक्ती! यादी उलटी करायची. पांढऱ्या यादीत नाव असेल त्याचाच मेल येणार, बाकीचे गेले उडत. नावं पाचच: साहेब, बँक, दातांचा डॉक्टर, ही आणि मी.
हिने फोनवर विचारलं, इंटरव्ह्यूचं बोलावणं कुणाकडून येतं? साहेबांकडून, आणखी कुणाकडून! हिला सिस्टिम कळत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
काय ती शांतता! दोन दिवसांत एकच मेल, तोही मीच टेस्टिंगला पाठवलेला. शेजारच्या टेबलावरची ज्युनियर थक्क झाली. तिलाही एक नियम लावून दिला: मेलमध्ये ‘नम्र विनंती’ दिसली की थेट कचरा. असले मेल रडेच पाठवतात, हेही समजावलं. शिकेल हळूहळू.

मंगळवार, ११ मार्च
इंटरव्ह्यूचा पत्ता नाही. माझा कसला इंटरव्ह्यू घेणार म्हणा. थेट ऑर्डरच निघेल. हिला तसं सांगितलं. नवीन शर्ट घेतला.

गुरुवार, १३ मार्च
ज्युनियर अर्धा तास साहेबांच्या केबिनमध्ये. कानउघाडणी झाली असणार. वाईट वाटलं.

सोमवार, १७ मार्च
ज्युनियर हेड झाली.
तडक साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, एचआरने तीन मेल पाठवले. तुमचं उत्तर नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला जागा नकोय."
कचरा उघडला. तिन्ही मेल तिथेच. खाली मेहुण्याचा: दाजी, इंटरव्ह्यूला ऑल द बेस्ट. फार लागलं मनाला.

मंगळवार, १८ मार्च
खचलो नाही. डेप्युटीची जागा आहेच, आणि ती भरणं नव्या हेडच्या हातात. दोन पानी मेल केला. विषय: नम्र विनंती.

शुक्रवार, २१ मार्च
उत्तर नाही. शेवटी तिच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, माझा मेल पाहिलात का?
"तुमचा? नाही आला, सर. तुम्ही तो नियम लावून दिल्यापासून फार बरं झालंय बघा."
छान, म्हटलं. जागेवर येऊन बसलो. माझाही इनबॉक्स रिकामाच होता.