मागच्या टोकाचं वजन

प्रिय ठिणगे,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. उद्या सकाळी तुझ्या हाताखालचा भोंग्या शूटिंगच्या दिव्यांची गाडी घेऊन डोंगरावर तुमच्याकडे निघणार आहे, त्याच्या हाती पत्र देतो. गुरुवारी तू पहिल्यांदाच गाडीवरच्या क्रेनची वीज एकटी सांभाळणार, आणि इथे माझा पाय एका जागी ठरत नाही. तुझी आई म्हणते, फेऱ्या मारून फरशी झिजवण्यापेक्षा काय आहे ते कागदावर लिहून टाका. मी काय लिहावं हे तिच्या मनात वेगळं आहे. ते नंतर. आधी वजनाचं.

तुझी ती नवी बॅटरी. मागच्या खेपेला तू ती पेटी एका हातात धरून जिना चढून आलीस, दुसऱ्या हातात चपला. मला वाटलं आत काही नाही, नुसतं खोकं दाखवायला आणलंस. मग तू म्हणालीस हीच बॅटरी, आणि मी ती उचलून पाहिली. इतकी हलकी वस्तू एवढी वीज देते हे मला पटतच नाही. आमच्या पाण्याच्या बॅटऱ्या दोघांनी उचलायच्या आणि तिसऱ्याने ओरडायचं. अ‍ॅसिडने सदऱ्याला इतकी भोकं पडायची की तुझी आई विचारायची, हा दोरीवर वाळत घालू की चाळण म्हणून पिठाच्या डब्यात ठेवू. पण त्या जडपणाचा उपयोग होता गं. गाडीच्या टपावर तो क्रेनचा लांब हात, पुढच्या टोकाला कॅमेरा लटकलेला आणि मागच्या टोकाला माझ्या बॅटऱ्या. मोटारीला, कॅमेऱ्याला, आतल्या पडद्यांना वीज द्यायची ती त्यांनीच, आणि तराजूसारखं कॅमेऱ्याला तोलून धरायचं तेही त्यांनीच. आता तिथे तू ही खोकी बसवणार. मागचं टोक हलकं झालं की पुढचं खाली येणार, तेही धावत्या गाडीवर, वळणावर, आणि आत तू बसलेली. डोळे मिटले की मला हेच दिसतं. उघडे ठेवले तरी दिसतं.

एवढं लिहिलं आणि भोंग्याच आला, आपल्या दुरुस्तीच्या दुकानातलं केबलचं भेंडोळं न्यायला. त्याला विचारलं तर असा हसला की समोरच्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं. म्हणाला, "काका, बॅटऱ्या यायच्या आधी ताईने मागे लावायला लोखंडी प्लेटा आणून ठेवल्यात. क्रेन एका बोटाने ढकलली की फिरते आणि सोडली की तिथेच थांबते. तुमच्या वेळेला थांबायची का?" थांबायची. जवळजवळ थांबायची. मग मी जोडणीचं विचारलं, खड्ड्यात चाक आदळलं की प्लग सैल होतो ना. तर म्हणे ताईचे प्लग पिळून बसतात, ओढून निघत नाहीत. मग उन्हाचं विचारलं. पेट्यांवर आडोसा केलाय, खालून वारा खेळतो. मग शेवटचं विचारलं, चालू कामात एक पेटी बंद पडली तर? "दोन आहेत काका. एक दमली की दुसरी उचलते, पडद्यावरचं चित्र हलतसुद्धा नाही. आता तुम्ही त्या डोंगराची काळजी करा, तो जागेवर आहे का बघायला हवा कुणीतरी." भेंडोळं खांद्यावर टाकून गेला. त्याचा आवाज अजून भांड्यांत घुमतोय.

तेव्हा तुझं सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे आता मला काळजी करायला काही उरलेलं नाही, आणि ही फार वाईट अवस्था आहे. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळत नाही. मघाशी रेडिओ उघडला आणि पुन्हा बंद केला, त्याला काही झालेलंच नव्हतं. आई म्हणाली, त्याचं नशीब.

तुला आठवतं, तू कॉलेजात असताना सुट्टीत माझ्याबरोबर क्रेनच्या गाडीत बसायचीस? मी रस्त्याकडे बघायचो, तू मीटरच्या काट्याकडे. काटा जरा पडला की माझ्या दंडाला बोट लावायचीस. बोलायची बंदी, आवाज कॅमेऱ्यात जायचा. त्या बोटावरून मला कळायचं किती पडला ते. हळू लावलंस तर चालेल, जोरात टोचलंस तर गाडी थांबवा. मी शाळा लवकर सोडलेला माणूस, तुझ्या पुस्तकातले शब्द मला कधी समजले नाहीत, पण ते बोट समजायचं. हल्ली दुकानात बसलो की दंडाला हात जातो. आता काटा कोण बघतंय, असं वाटतं.

दुकानातही आई मला एकट्याला जाऊ देत नाही. स्टूल तिने माळ्यावर टाकलंय, म्हणजे ते काढायला मला स्टूल लागेल. न्हाणीघराची कडी लावायची नाही. दार नुसतं लोटायचं आणि आत शिट्टी वाजवत अंघोळ करायची, म्हणजे बाहेर तिला कळतं की मी उभा आहे. मला एकच चाल येते. तिला तिचा वीट आलाय, पण साबण डोळ्यांत गेला म्हणून जरा थांबलो तर दार उघडून उभी. "वाजवा की!" या वयात बायकोचा ओरडा खात शिट्टी मारणारा मीच एकटा असेन.

शिट्टीपर्यंत आलो म्हणजे पुढचंही लिहायला हवं. मी दुकानात पडलो, ठिणगे. बसल्या बसल्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि उठलो तेव्हा गाल फरशीवर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मध्येच ठोका चुकवतंय, गळ्याच्या हाडाखाली एक छोटी बॅटरी बसवावी लागेल. दाखवली मला. काडेपेटीपेक्षा लहान आणि तुझ्या पेटीसारखीच हलकी, आत काहीच नसल्यासारखी. मी विचारलं, ही बंद पडली तर दुसरी कुठे आहे? त्या म्हणाल्या, "आजोबा, मुख्य तुमचं हृदयच. ते चुकलं तरच ही ढकलणार." म्हणजे आमचं जुनं यंत्रच चालणार आणि नवी पेटी राखीव. हे मला पटलं, सही केली. पण दिवस त्यांनी गुरुवार दिला. तुझाच गुरुवार. आई लगेच फोन उचलायला गेली, मी तिचा हात धरला. तू सगळं टाकून आली असतीस आणि काटा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला असतास. भोंग्याला यातलं काही सांगितलेलं नाही, त्याला सांगणं म्हणजे चौकात कर्णा लावणं. पाकीट दुकानातल्या काळ्या चिकटपट्टीने बंद करतोय. त्याला एवढंच बजावणार आहे की क्रेन उतरवून गाडीचं इंजिन बंद झाल्यावरच ताईला द्यायचं. म्हणजे वरच्या सगळ्या सूचना तुला काम झाल्यावर मिळतायत, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. असू दे, खोडत नाही, त्या लिहिल्या म्हणून इथपर्यंत आलो. तू हे वाचते आहेस म्हणजे मागचं टोक सांभाळलं गेलं. आता हात धू आणि निघ. रस्त्याला वळणं आहेत, सावकाश ये. माझी जोडणी एकदा तुझ्या नजरेखालून गेली पाहिजे. बाई हुशार आहेत, पण त्यांनी माझ्या दंडाला कधी बोट लावलेलं नाही. दवाखान्यातल्या माझ्या खोलीचं दार आईला नुसतं लोटून ठेवायला सांगतो. बाहेर जरा थांब, कान दे आणि मग आत ये.

तुझाच, तीच एक चाल वाजवणारा,
बाबा